डब्यातली हत्यारं

चांगदेवचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून बघितला, तर कोणीही म्हणेल की हा माणूस एकतर भंगारवाला असेल, नाहीतर डोक्यानं सरकलेला. मोडक्या छत्रीच्या काड्या, दात पडलेला कंगवा, इंजेक्शनच्या बोथट सुया, बॉलपेनची टोपणं, दाढीचं अर्धं ब्लेड, मच्छरदाणीचा तळहाताएवढा तुकडा, आणि आईच्या सोऱ्यातली शेवेची ताटली. ती ताटली दिवाळीत शोधून शोधून त्याची आई पुतळाबाई थकली आणि त्या वर्षी घरात शेव झालीच नाही. पण हसू नका. याच भंगारातून तो गुलाब काढायचा, मोगऱ्याचे गजरे काढायचा, शर्टाची बटणं काढायचा, आणि वाशीच्या त्या सिडकोच्या बिल्डिंगीतल्या बाया हातात घेऊन विचारायच्या, अहो, हे खरं का खोटं?

माती म्हणाल तर ती मातीही नव्हती. चांगदेव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका प्लास्टिकच्या कंपनीत मिक्सरवर होता. पांढरी पावडर आणि तेलासारखं एक औषध घोटून तिथं कणकेसारखा गोळा व्हायचा. तपासणीसाठी काढलेले गोळे नंतर फेकूनच द्यायचे, ते तो सुपरवायझरला विचारून रुमालात बांधून घरी आणायचा. गोळा मऊ असतो तोवर त्याचं काय हवं ते करा. एकदा मंद तापवला की घट्ट होतो, मग तो जन्मात परत मऊ होत नाही. तापवायला भट्टी कुठली असायला? स्टोव्हवर तवा, तव्यात खाडीच्या धक्क्यावरून आणलेली वाळू, वर पातेलं पालथं. वाळू किती तापली ते कळायला तो कच्च्या पोह्याचा एक दाणा टाकायचा. दाणा तसाच पडून राहिला तर बरोबर, फुलला तर स्टोव्ह बारीक करायचा. ही अक्कल त्याला फुकट आलेली नाही. पहिल्या वेळेला वाळू अति तापली, गोळा करपला आणि असा काही धूर सुटला की अख्खा मजला खोकत जिन्यात आला. त्यानंतर कितीतरी दिवस शेजारची वेणूबाई त्याला बघून नाकाला पदर लावायची.

फक्त कमळ त्याला साधत नव्हतं. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्यापुढं ठेवायला एक कमळ करायचं त्याच्या फार मनात होतं. पण पाकळीच्या पोटात जो हलका खळगा हवा, तो काही केल्या यायचा नाही. चमचा दाबला तर कड फाटायची. गोटी दाबली तर पीठ गोटीलाच चिकटून वर यायचं. गेलेला बल्ब दाबून बघितला, तर पाकळी कसली, आमटीची वाटी झाली. शेवटी त्यानं कमळाचा नाद सोडला. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला किती वेळ हट्ट परवडतो?

कारण चांगदेव थकलेला होता. एका दिवसाच्या झोपेनं जाणारा तो थकवा नव्हे. वडील गेले, चिपळूणकडचं घर सुटलं, आई आणि बहीण त्याच्या पगारावर आली, आणि पस्तिशी जवळ आली तरी त्याचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. बहिणीला उजवल्याशिवाय भावानं बाशिंग बांधायचं नाही, हे त्याच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बहिणीचं जमत नव्हतं.

गोजरा दिसायला चांगली, दहावी पास, बोलायला मोकळी. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंगच्या मशीनवर होती. त्या मशीननं तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. मुळाशी नुसते दोन गोल खुंट राहिले. तेव्हापासून तो हात पदराखाली गेला तो गेलाच. भाजी आणायला जाताना पदराखाली, पाणी भरताना पदराखाली, घरात तिघंच असली तरी पदराखाली. बघायला आलेल्या पाहुण्यांना पुतळाबाई आधीच सगळं सांगायची. पाहुणे हळहळायचे, पोहे खायचे, आणि परत तोंड दाखवायचे नाहीत. अशी बरीच स्थळं गेली. मग पुतळाबाईनं सांगणंच बंद केलं.

नवं स्थळ पंढरीनं आणलं. पंढरी त्यांच्याच गावचा, जमवाजमवीची त्याला भारी हौस. मुलगा नंदकिशोर, मुंबईत सरकारी कचेरीत कारकून, आईबाप नाहीत, आत्यानं वाढवलेला. आत्या धोंडूबाई वाशीतच राहायची. हाताचं काय, असं चांगदेवनं विचारलं, तर पंढरी म्हणाला की मी काय बोललो नाय आणि त्यांनी काय विचारलं नाय. हा असा मध्यस्थ! विस्तव हातात द्यायचा आणि वर म्हणायचं, गरम लागला तर सांगा.

त्या दुपारी चांगदेव पाळी करून आला आणि जेवायला बसला. पुतळाबाई समोर येऊन बसली. ती अशी समोर येऊन बसली की काहीतरी जड मागणार, हे त्याला माहीत होतं.

"शेजारनीच्या पोरीला गुलाब करून देतोस," ती म्हणाली. "भैनीला दोन बोटं नाय करता येत?"

तो घास हातात धरून बसला. मग त्यानं सगळं सांगून बघितलं. खोटी बोटं ती खोटीच, कधीतरी कळणारच, मग पोरीचे काय हाल होतील. पुतळाबाईकडं प्रत्येकाला उत्तर होतं. एकदा मुलगी घरात गेली, तिच्या हातची भाकरी त्यांच्या पोटात गेली, की कोण बोटं मोजत बसतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले. तिचे डोळे खरोखर भरले होते, हे काही सोंग नव्हतं. आईलाही किती वर्षं उरलीत, आणि आपल्यामागं या पोरीचं कोण, हे ती रोज रात्री छताकडं बघून मोजायची. चांगदेव हो म्हणाला. पटलं म्हणून नाही हो. थकलेल्या माणसाला नाही म्हणणं हेच सगळ्यांत जड काम असतं.

पण एकदा हातात गोळा घेतला आणि कसब त्याच्यावर स्वार झालं, हेही खरं. बोट आतून पोकळ हवं, खुंटावर टोपीसारखं बसणारं. त्यासाठी साचा हवा. त्यानं दोऱ्यानं गोजराच्या खुंटांचं माप घेतलं आणि घरातल्या लाटण्याची टोकं करवतीनं कापून चाकूनं तासली. पुतळाबाई या वेळी एक शब्द बोलली नाही, बाटलीनं भाकरीसारख्या जाड चपात्या लाटत राहिली. लाकडाच्या त्या टोकांवर त्यानं पीठ चढवलं. रंगासाठी हळद घातली ती तव्यात काळवंडली, म्हणून ती सोडली. गेरू, काजळ आणि चहाची वस्त्रगाळ पूड असं मिसळत मिसळत गोजराच्या मनगटाचा रंग गाठला. पेरांच्या सुरकुत्या ब्लेडनं, नखाची चंद्रकोर टोपणाच्या कडेनं, नखाभोवतीची कातडी सुईनं. आणि कातडीवरची ती बारीक बारीक छिद्रं? ती कुठल्याच हत्यारानं येईनात. मग बाजारातून संत्रं आणलं, सोललं, आणि साल उलटी न धरता सुलटी दाबली. उमटली! माणसाची कातडी जशीच्या तशी उमटली. बोटाच्या आतल्या बाजूला ठसा हवा होता. तिथं त्यानं स्वतःची करंगळी दाबली.

तव्यातून बोटं बाहेर निघाली, थंड झाली, तेव्हा पुतळाबाईनं ती हातात घेतली आणि पटकन खाली ठेवली. तिला भीती वाटली. चांगदेवलाही वाटली, पण त्याच्याबरोबर थोडा गर्वही झाला, खोटं कशाला बोला.

गोजरानं ती घालून बघितली. जोड दिसू नये म्हणून पुतळाबाईनं आपली अंगठी दिली, दुसरी चांगदेवनं त्याच पिठाची करून तिला चंदेरी रंग दिला. गोजरानं हात पदराबाहेर काढला. खिडकीपाशी गेली, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. किती दिवसांनी त्या हातावर ऊन पडत होतं. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की चांगदेवला वाटलं, चला, काही वाईट नाही केलं आपण. मग ती हळूच म्हणाली,

"दादा, त्यांच्या घरी रात्री ही काढून कुठं ठेवू?"

 पुतळाबाई म्हणाली की पुढचं पुढं, आणि पोहे भिजत घालायला उठली.

पाहुणे यायच्या दिवशी तयारी कशी म्हणाल तर एकदम कडेकोट. गोजरानं खिडकीकडं पाठ करून बसायचं, म्हणजे हातावर उजेड येणार नाही. ताट उजव्या हातानं द्यायचं. साडी लांब बाह्यांच्या ब्लाऊजवरची. पंढरीनं मध्येच बोलत राहायचं, म्हणजे कोणाचं लक्ष एका जागी राहणार नाही. सगळ्याचा विचार झाला होता. विचार झाला नव्हता तो एकाच गोष्टीचा, आणि ती गोष्ट ही तिघं रोज संध्याकाळी न चुकता करत होती.

धोंडूबाई आली ती पांढरं पातळ नेसून, सरळ पाठीची, कमी बोलणारी. महिला मंडळात ती वंदना शिकवायची, हे पंढरी सांगायला विसरला होता. नंदकिशोर तिच्यामागून आत आला, चपला नीट ओळीत लावून. पाणी झालं. पंढरीनं हवापाण्यावर तोंड उघडलं, तोच धोंडूबाईनं भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं.

"आधी वंदना घेऊ," ती म्हणाली. "मेणबत्ती पोरीलाच लावू दे."

नाही कोण म्हणणार? बौद्धाच्या घरात वंदनेला नाही म्हणतात का?  गोजरा उठली. तिनं उजव्या हातानं मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, ताटातली फुलं सारखी केली, आणि सगळ्यांच्या पुढं गुडघे टेकून बसली. हात जोडले. मागं बसलेल्या चांगदेवला ते जोडलेले हात बाजूनं दिसत होते. दहाची दहा बोटं, सरळ, एकमेकांना टेकलेली. सालीची छिद्रंसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात कातडीसारखी दिसत होती. आपण इतकं चांगलं काम का केलं, असं त्याला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं.

त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, एकेक शील सगळे एका सुरात म्हणत होते. चौथं आलं, खोटं बोलणार नाही. तेव्हा चांगदेवला बहिणीचा आवाज ऐकू येईना. बाकी सगळ्यांचा येत होता, आईचा तर जरा जास्तच मोठा. तो स्वतः अर्ध्यातच थांबला.

गोजरानं जोडलेले हात सोडले. घाई केली नाही. आधी आईची अंगठी काढली, मग ती चंदेरी. मग एक बोट ओढून काढलं, मग दुसरं. दोन्ही तिनं ताटात फुलांच्या शेजारी ठेवली. पुन्हा हात जोडले, आणि चौथं शील पहिल्यापासून म्हटलं. एकटीनंच म्हटलं, कारण बाकीचे थांबले होते. मग पाचवं.

वंदना संपली.  मग धोंडूबाईनं ताटातलं एक बोट उचललं आणि खिडकीकडं धरलं. नख बघितलं, सुरकुत्या बघितल्या, ठसा बघितला.

"कोनी केलं?"

"दादानं," गोजरा म्हणाली.

"हुबेहूब हाय," धोंडूबाई म्हणाली आणि ते जिथून उचललं होतं तिथं ठेवलं. चांगदेवला आजवर इतक्या लोकांनी हुबेहूब म्हटलं होतं. त्या दिवशी त्या शब्दानं त्याचे कान तापले.

पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले, बशीत दाणाही न ठेवता. नंदकिशोर जाताना चपला घालता घालता थांबला. त्यानं गोजराला विचारलं की अजून दुखतं का. आजवर एवढे पाहुणे येऊन गेले, हे कोणी विचारलं नव्हतं. थंडीत दुखतं, असं ती म्हणाली. त्यानं मान हलवली. एवढंच.

एवढ्याशा त्या प्रश्नावर तिघांनी पुढचे दिवस काढले. पुतळाबाई गोजराला बोलली नाही, रागावली नाही, उलट दोनदा तिच्या केसांना तेल लावून दिलं. होकार येईल असं उघड कोणी म्हणत नव्हतं, पण जिन्यात पाऊल वाजलं की तिघंही दाराकडं बघायची.

निरोप पंढरीनं चांगदेवला रस्त्यातच गाठून दिला. सकाळची वेळ, पाळी सुटलेली, डोळ्यांत रेती भरल्यासारखी झोप. बसथांब्यावर पंढरी उभा होता आणि लांबूनच त्याचा चेहरा बघून चांगदेवला कळलं.

"नाय म्हनाले," पंढरी म्हणाला. "पोरगी पसंत होती. आत्या म्हनते, बोटं नाय त्याचं आमाला काय नाय. पन ज्या घराला येवढी हुबेहूब बोटं करता येतात, त्या घराचं दुसरं काय खरं धरायचं?"

पंढरी आणखीही काहीबाही म्हणत होता, दुसरं स्थळ आहे, बोनकोड्याकडं एक मुलगा आहे, तू टेन्शन घेऊ नको. चांगदेवनं बस येऊ दिली आणि जाऊ दिली. घरी चालतच निघाला. वाटेत त्याच्या मनात काय काय येऊन गेलं! काहीही सांगता येईल. मुलाची बदली झाली म्हणावं. मुलाच्या मनात दुसरी होती म्हणावं. आईला बरं वाटेल, आणि गोजराला वाटेल की हातामुळंच गेलं, ते तर तिला सवयीचं आहे. जिना चढेपर्यंत तो यातलं एकेक कारण मनाशी घोळवत होता. पण दार उघडलं, समोर ती तसबीर, तिच्यापुढं मेणबत्तीचा थेंब अजून तसाच चिकटलेला. त्यानं चपला काढल्या आणि धोंडूबाईचे शब्द होते तसे सांगून टाकले.

पुतळाबाई उठली आणि मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. आत जाऊन तिला काही बोलावं, असं चांगदेवला वाटलं, पण काय बोलणार? तिनं मागितलं होतं आणि त्यानं केलं होतं. दोघांचा वाटा सारखाच.

गोजरा भिंतीला टेकून बसली होती.

"म्हंजे मी पसंत होते," ती म्हणाली.

तिच्या आवाजात दुःख होतं की समाधान होतं, ते चांगदेवला कळलं नाही. बहुतेक दोन्ही होतं. तो तिच्यासमोर खाली बसला आणि त्याला रडू आलं. मोठा बाप्या माणूस, रात्रभर मिक्सर ओढून आलेला, लहान पोरासारखा रडला. गोजरानं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, झोप आता दादा, डोळे बघ कसे झालेत.

त्यानंतर चांगदेवनं डबा खाटेखाली सरकवून दिला. गोळे आणणं बंद केलं. वेणूबाईची मुलगी गजरा मागायला आली, तिला त्यानं दारातूनच परत पाठवलं. हात गप्प बसले तर थकवा उतरेल असं त्याला वाटत होतं. उतरला नाही, उलट वाढला.

सुट्टीच्या एका दुपारी तो झोपून उठला, तेव्हा खाटेखालचा डबा बाहेर होता आणि गोजरा तो उघडून बसली होती. रुमालातला शिल्लक गोळा तिनं मळून मऊ केला होता. खिडकीचं ऊन तिच्या मांडीवर आलं होतं आणि दोन्ही हात उन्हात होते. पदर खांद्यावर होता. समोर वर्तमानपत्राच्या कागदावर पाकळ्या मांडलेल्या होत्या, कमळाच्या.

चांगदेवनं एक पाकळी उचलली. कड पातळ, कुठंही फाटलेली नाही. पोटात खळगा हलका, मधे किंचित खोल, कडेकडे विरत गेलेला. खऱ्या पाकळीला असतो तस्सा. त्यानं डब्यात नजर फिरवली. चमचा जागेवर होता, गोटी होती, बल्ब होता. कंगव्याशेजारी ती दोन बोटंही पडली होती. या पाकळीच्या मापाचं त्यात काहीच नव्हतं.

"कशानं केलंस?" त्यानं विचारलं.

गोजरानं पिठाची एक चकती उजव्या तळहातावर घेतली. डाव्या हाताचा तो गोल खुंट, ज्याला नख नाही, टोक नाही, धार नाही, तिनं चकतीच्या मधोमध टेकवला, हलकेच दाबून फिरवला आणि उचलला. पीठ चिकटलं नाही. आणखी एक पाकळी झाली.

"हे डब्यात ठेवता येत नाही," ती म्हणाली. "रात्री काढूनही ठेवावं लागत नाही."

चांगदेव उठला, स्टोव्ह पेटवला, तव्यात वाळू पसरली आणि वर पोह्याचा एक दाणा टाकला. दाणा फुलला नाही. आतून पुतळाबाईनं विचारलं की आता कसला तवा चढवलाय, तर गोजरानंच तिला हाक मारली आणि म्हणाली, ये, बघ.